लाईट लागलीय, असं मी म्हणालो

मी वायरिंगचा माणूस. उचगावात रस्त्याकडेला माझं दुकान आहे आणि पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी वायंडिंग करून देण्यात माझी हयात गेली. त्यामुळं माझ्याच घरातली लाईट माझं ऐकेना झाली, हे कुणाला सांगायचीसुद्धा चोरी होती. आता सांगतो, कारण झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

बायकोला साखर. डोळ्याचे पडदे आधी अधू झाले आणि मग दोन वर्षांत पार गेले. आता तिला उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. पुण्याची लेक म्हणायला लागली, आई दिवसभर एकटी नको, माझ्याकडं पाठवा. बायको उसळली. "मी कुठं बी जात न्हाय. ह्या घराची भिंत न् भिंत मला म्हाईत हाय. तिकडं नेऊन एका खोलीत बसवशीला, मग मी असून काय न् नसून काय." शेवटी लेक म्हणाली, सहा महिने बघू. आईला एकटीला जमलं तर मी परत विषय काढणार नाही.

जमवायचं तर पहिली भीती बोर्डाची. ती ओल्या हातानं बटणं चाचपायची, एकदा चांगला झटका बसला होता. म्हणून मी घरातली सगळी जुनी खटक्याची बटणं उपटली आणि गुळगुळीत काचेची पॅनेलं बसवली. जोडीला टेबलावर एक गोल डबा, पॅनेलांशी नेटनं जोडलेला. त्याला तोंडानं सांगायचं, हॉलची लाईट लाव, पंखा बंद कर, की तो करणार. काय डोकं चालवलं होतं मी! बोटांनी घर ओळखणाऱ्या बाईला मी सपाट काच दिली. तिला हात लावून काही म्हणजे काही कळत नाही, चालू काय न् बंद काय. पण तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो.

तीही खूश होती. डब्यातून बाईचा आवाज यायचा, म्हणून ती त्याला 'पावणी' म्हणायची आणि तिच्याशी अशा अदबीनं हिंदी बोलायची की उभ्या जन्मात माझ्याशी तशी बोलली नाही. तिन्हीसांजेला पावणीला सांगून घरभर लाईट लावायची आणि देवाला हात जोडायचे, हे तिचं रोजचं काम झालं. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "तुला गं काय करायचीय लाईट?"

"मला नगो. पर घरात माणूस असून तिन्हीसांजंचा अंधार? आन् तुमी दमून येणार, चाचपत याचं व्हय?"

लेकीला फोनवर ऐटीत सांगायची, "घरातली समदी लाईट मीच लावतो की."

पाडवा झाला, ऊन वाढलं आणि वीज जायला-यायला लागली. वीज परत आली की काचेची पॅनेलं नेट विसरायची. डब्याला त्याचा पत्ता नसायचा. सांगितलं की तो म्हणायचा, "ठीक है, लाइट चालू कर दी." कुठं चालू? बल्ब ठार बंद! कधी हॉलची सांगितली तर न्हाणीघरातली लागायची. मोबाइलवर बघावं तर तिथंही चालूच दाखवायचं. बायको आत असली की मी डब्यासमोर दात-ओठ खात उभा राहायचो. मुडद्या, लावलीस म्हणतोस तर दाव की! कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणे, एकदा बंद करून परत चालू करा. अहो, हेच सांगून मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकं वाटेला लावलीत, मला काय शिकवता!

जुनी बटणं परत बसवायला एक दिवस पुरला असता. पण उसाला पाणी द्यायचे दिवस, दुकानात जळक्या मोटारींची रांग लागलेली. उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं.

अशात एका संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो, तर आत काळाकुट्ट अंधार. ती सोफ्यावर बसून गवार मोडत होती. पायांचा आवाज ऐकून म्हणाली, "आलासा? बगा, आज बाहेरची बी लावलीया."

तिचं तोंड कसं फुललं असेल हे मला अंधारातही कळत होतं. हिला सांगितलं तर हिचा धीर सुटणार, लेकीच्या कानावर जाणार आणि हिला घर सोडावं लागणार. मी म्हणालो, "व्हय, बगितलं की."

मोबाइलच्या उजेडात मी कपडे बदलले. पॅनेलला हात लावला की टुंग असा आवाज व्हायचा, म्हणून ती स्वयंपाकघरात गेल्यावरच हळूच लाईट लावली. पुढं हे अंगवळणी पडलं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी मी अंधारात शिरायचो आणि लाईटीचं कौतुक करायचो. मला त्याची लाज वाटत नव्हती. मी तिला सांभाळतोय, असंच मला वाटायचं.

वैशाखात एक दिवस असाच आलो. घर अंधारात. ती नेहमीच्या जागी होती, पण हातात काही काम नव्हतं.

"लाईट लागलीया न्हवं?" तिनं विचारलं.

"लागलीय की. लख्ख!"

कुणीतरी खाकरलं. मी दचकलो. मोबाइलचा उजेड टाकला, तर शेजारची म्हातारी मावशी तिच्या बाजूला बसलेली. डोळस मी, आणि मला ती दिसली नव्हती.

"दादा, कुठं लागलीया रं?" मावशी म्हणाली. "मी इरजण मागाय आलो तर हितं अंधार गुडूप. हिला म्हटलं, अंधारात का बसलीस, तर ही म्हणती लाईट हाय. तुमच्यात लई दिवस अंधारच असतोय की. आमास्नी वाटलं, हिला कशाला लागतीया लाईट, म्हणून लावत नसशीला."

मावशी इरजण घेऊन गेली. मी डब्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. नेटला, कंपनीला, वीजवाल्यांना, कुणालाच सोडलं नाही. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

मग म्हणाली, "पावणीचं काय घेऊन बसलाय? तिनं माझ्यासंगं संसार न्हाय केला. डोळं गेल्यापास्नं मी तुमच्या डोळ्यानं बघत हुतो. तुमी हाय म्हटलं की हाय, न्हाय म्हटलं की न्हाय. आता मी कुणाला इचारू?"

"तुला पुण्याला जायला लागू नये म्हणून गं..."

"मला सांगितलं असतासा तर मी हिकडंच र्‍हायलो असतो. अंधारात र्‍हायलो असतो. मला काय त्याचं?"

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच लेकीला बोलावून घेतलं आणि गेली. भांडली नाही, रडली नाही. मी त्याच आठवड्यात काचा उपटून खटक्याची बटणं बसवली. फोन करून सांगितलं, आता एकदम पक्कं काम झालंय, हात लावला की कळतंय, तू ये. "बगू," म्हणाली.

रोज तिन्हीसांजेला तिचा फोन येतो. जेवण, औषध, दुकान सगळं विचारून झालं की विचारते, "लाईट लावलासा?" काल मी हॉलमध्ये उभा होतो, डोक्यावर ट्यूब जळत होती, बाहेरचीही चालू होती. मी म्हणालो, "लावलीय. खरंच लावलीय गं."



ती म्हणाली, "असंल."