पाच वाजायच्या आत चॉकलेट दूध

डॉक्टर मॅडमनी माझ्या मुलीच्या तोंडात टॉर्च मारला तेव्हा मीही वाकून पाहिलं. जिभेवर, गालांच्या आतून, पार घशाच्या तोंडापर्यंत बारीक बारीक फोड होते. तळहातांवर आणि तळपायांवर ते आदल्या दिवशीच उठले होते, मच्छर चावलेत असं समजून मी त्यांवर पावडर लावली होती. ती तेव्हा चार वर्षांची होती. रडायलाही तोंड उघडत नव्हती, नुसती डोळ्यांनी रडत होती.

"व्हायरल आहे, आपोआप जाईल," मॅडम म्हणाल्या. "त्याची मला काळजी नाही. पोटात काही जात नाहीये, त्याची आहे. शू कधी झाली शेवटची?"

"सकाळी उठल्यावर. जराशीच. पिवळी."

"मग नीट ऐका. फ्रीजमधलं दूध द्या, नारळपाणी द्या, आईस्क्रीम द्या. पण थंड. गरम नको, कोमटसुद्धा नको, त्याने फोड झोंबतात. चमच्याचमच्याने पाजत राहा. पाच वाजता मी परत बसते. तोवर शू झाली नाही, तर हिचे कपडे घेऊनच या. ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. समजलं ना?"

मी मान हलवली.

समजलं होतं. पण पटलं नव्हतं, आणि पटलं नाही हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी सातवीनंतर शाळा सोडली. परभणीकडच्या आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती, पुढची सहा किलोमीटरवर. लग्न होऊन मुंबईत चारकोपला आले त्याला आता नऊ वर्षं झाली, तरी शिकलेलं माणूस समोर बसलं की माझी मान आपली आपण हलते. दुसऱ्यांदा विचारलं तर ते म्हणतील, एवढंही कळत नाही का, अशी धास्ती वाटते.

त्या दिवशी मनात एकच प्रश्न होता. अंगात ताप असताना गार कसं द्यायचं? आमच्याकडे हे कुणी ऐकूनही घेणार नाही. माझा धाकटा भाऊ लहानपणी तापात उठून रांजणातलं पाणी प्याला होता. दोन दिवसांनी त्याची छाती भरली, रातोरात जीप करून त्याला तालुक्याला न्यावं लागलं. वाचला तो. आता ट्रॅक्टर चालवतो. पण आईच्या मनातून तो रांजण कधी गेला नाही, आणि माझ्याही नाही.

रिक्षातूनच मी आईला फोन लावला.

"गार?" आई ओरडलीच. "येडी झालीस का तू? तापातल्या लेकराला गार पाजतीस? छाती भरल तिची. कोमट दे, हळद टाकून दे. त्या बाईला काय होतंय सांगायला, लेकरू आपलंय."

घरी आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मुलीचे बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या पाळीला होते, तिथे मशीनवर फोन उचलता येत नाही. मी तिला गादीवर ठेवलं आणि विचारत बसले. वरणाचं पाणी देऊ? पेज देऊ? केळं कुस्करून देऊ? ती मान हलवत राहिली. मग ओठ न हलवता, नाकातून बोलल्यासारखं म्हणाली, "चॉकलेटचं दूध."

दोन दिवसांत तिने तोंडाने मागितलेली ती पहिली गोष्ट होती. महिन्याभरापूर्वी शेजारच्या काकींच्या नातवाच्या वाढदिवसाला ती ते प्याली होती. मी तशीच काकींच्या दारात गेले. काकी मालवणकडच्या, काकांच्या गिरणीच्या दिवसांपासून मुंबईत. मी इथे नवीन आले तेव्हा गॅसचा नॉब कसा फिरवायचा इथपासून त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या सुनेने केकसाठी आणलेली कोकोची पावडर त्यांनी वाटीत ओतून दिली.

"साखर घाल बरी," त्या म्हणाल्या. "विषासारखी कडू आसता ती. मी भात लावतंय, मगे येतंय."

मी फोनवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई हिंदीत बोलत होती. थोड्या गरम पाण्यात कोको आणि साखर कालवून घ्यायची, गुठळी मोडायची आणि मग वरून थंडगार दूध. शेवटी बर्फ. बर्फ पाहिला आणि मी फोन पालथा ठेवला. पातेल्यात दूध घेतलं, गॅसवर ठेवलं, बोटाला सोसेल एवढं कोमट केलं आणि कोको थेट त्यातच टाकला. तो सगळा वर तरंगायला लागला, पाण्यावर भुसा तरंगतो तसा. चमच्याने दाबला की गुठळ्या सटकायच्या. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळलं. रंग आला होता. मी चाखून पाहिलं, गोड होतं. मला वाटलं, दोघींचंही राहील. मॅडमनी सांगितलेलं दूधही झालं आणि आईने सांगितलेलं कोमटही.

तिने कप पाहिला आणि उठून बसली. एवढी खूश झाली. मोठा घोट घेतला.

मग तिचं तोंड जे झालं ते मी विसरायला बघते. दूध फ्रॉकवर, चादरीवर. दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. मी जवळ गेले की मान फिरवायची. पाणी नको, चमचा नको, मीही नको.

बारा वाजून गेले होते. ती सकाळी सातला शूला गेली होती, म्हणजे पाच तास झाले होते. मी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं, सालपटं निघाल्यासारखे कोरडे. बाहेर पाण्याचा पंप चालू झाला आणि मी सलाईनची सुई कुठे टोचतात हे आठवायला लागले. एवढ्याशा हातात शीर सापडते का? सापडली नाही तर?

काकी आल्या त्या चादर बघूनच थांबल्या.

"गरम दिलंस?"

"कोमट होतं हो, काकी."

"डाक्टरणीन काय सांगितल्यान?"

मी सगळं सांगितलं. भाऊ, रांजण, आईचा फोन.

"मगे डाक्टरणीक तिकडेच इचारूचा नाय? मान कित्याक हलवलंस?" काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ऐक गो. तू सातवी, मी चौथी. दोघींची मिळान अकरावी जाता. डाक्टरकी नाय."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. काकी जरा मऊ झाल्या. "माका पण भय वाटता गार देवक. आमच्याकडे पण नाय देत. पण तुझा नि माझा भय चेडवाच्या पोटात जावन तेचा पाणी होणार हा काय? काढ दूध फ्रीजमधला."

मी व्हिडिओतल्यासारखं केलं. वाटीत दोन चमचे कोको, तीन चमचे साखर, त्यावर जेमतेम भिजेल एवढं उकळतं पाणी. घोटल्यावर ते शाईसारखं काळं आणि चकचकीत झालं, एक गुठळी नाही. त्यावर सकाळी तापवून ठेवलेलं, फ्रीजमधलं दूध. आजही मी तसंच करते, हात आपोआप चालतो. पण त्या दुपारी स्टीलच्या ग्लासाला बाहेरून घाम आला तो बघून मी विष कालवतेय असं वाटत होतं.

आता ती घ्यायला तयार नव्हती.

"थंड आहे, सोन्या. आई खोटं नाही बोलत."

ती ग्लासाकडे बघे, माझ्याकडे बघे. हात तोंडावरच. मग एका हाताने ग्लास माझ्याकडे ढकलला आणि बोटांच्या फटीतून म्हणाली, "आधी तू."

मी प्याले. ती माझं तोंड बघत होती, कुठे दुखतंय का ते.

"आता काकी."

"माझे दात गो बाय, गारान ठणकतत!" असं म्हणत काकी प्याल्या आणि वरच्या ओठावर दुधाची मिशी तशीच ठेवली. मुलीने हात थोडा खाली घेतला. चमचा स्वतःच्या हातात मागितला. जिभेचं टोक लावलं. थांबली. परत लावलं.

पहिला चमचा गिळायला तिला किती वेळ लागला माहीत नाही. दुसरा लवकर गेला. दर चमच्यानंतर मी तिच्या छातीला कान लावत होते, घरघर येते का बघायला. शेवटी ती वैतागली. "आई, सरक ना."

दोनपर्यंत अर्धा ग्लास संपला. तिनाला नारळपाणी, साडेतीनला परत चॉकलेट दूध. ताप होता तेवढाच होता, वाढला नाही. आणि शू नव्हती. मी तिला दोनदा बाथरूममध्ये बसवलं, नळ सोडला, शूऽऽ शूऽऽ करून माझंच तोंड दुखायला लागलं. ती नळाचं पाणी बघत बसली आणि उठून आली. चार वाजले. मी पिशवी काढली. दोन फ्रॉक, चड्ड्या, टॉवेल, आधार कार्ड. चेन लावताना ती मागून म्हणाली, "आई, आली."

मी तिला उचलून धावले. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. काकी बाथरूमच्या दाराबाहेर उभ्या होत्या. "किती?" त्यांनी विचारलं. "भरपूर!" मी ओरडले. पॅसेजमधल्या दोन घरांना तरी कळलं असेल.

तरी पाच वाजता आम्ही क्लिनिकला गेलो. पिशवी मी घेतलीच होती, काढून ठेवायची भीती वाटली. मॅडमनी नाडी पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली.

"छान. ॲडमिट नको. काय दिलंत?"

"चॉकलेट दूध." तेवढ्यावर भागलं असतं. "मॅडम, आधी मी कोमट दिलं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी."

त्यांनी वर पाहिलं. "का?"

मी भावाचं सांगितलं. त्या ओरडतील म्हणून मी पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभी होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याची छाती पाण्याने नव्हती भरली हो. ताप ज्याने आला त्यानेच भरली असणार. सकाळीच बोलला असतात तर सकाळीच सांगितलं असतं."

बाहेर बाकावर पाच-सहा पेशंट होते. एक मूल जोरात रडत होतं. मी उठायला हवं होतं.

"रात्री ताप चढला तर?" मी विचारलं. "तरी थंडच?"

"तरी थंडच. तापाचं औषध वेगळं."

"आणि खोकला आला तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा," त्या म्हणाल्या.

मी मुलीला मांडीवर घेऊन बसले आणि तिसरंही विचारलं.