पाणाड्याच्या पाठीतली सुई

मंचरच्या दवाखान्यात मी भेदरून बसलो होतो. कंबरदुखीसाठी थेट मणक्याजवळ सुई जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेजारच्या खाटेवरचे बाबा नुकतेच ते इंजेक्शन घेऊन आले होते आणि मजेत चहात बिस्कीट बुडवत होते. ते येडगावकडचे पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरायचं आणि नारळ उभा राहील तिथं बोअर घ्यायला सांगायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग.

"लई दुखतं का हो?" मी विचारलं.

"न्हाई वो पावणं! पालथं झोपवलं, टीव्हीवर माजा मणका लावला. सुई जरा पुढं, की फोटो. परत जरा पुढं, परत फोटो. डॉक्टर आदी बघतोय, मंग टोचतोय. आमी आदी टोचायचो, मंग बघायचो!" बाबा खदखदून हसले.

"मग कोरडे किती बोअर गेले?"

त्यांनी तळहात धोतराला पुसला. "मोजलं न्हाई. पन ज्यांचं कोरडं गेलं, त्यांच्या रस्त्यानं मी जात न्हाई."

तेवढ्यात डॉक्टर आले. बाबांचे पाय हलवून बघितले आणि हळूच म्हणाले, "बाबा, कळंबला आमच्या रानात पाणी बघाल का?"

बाबांचा तळहात सवयीनं वर आला. मग त्यांनी तो चादरीखाली घातला.

"कळंबात नको, डॉक्टर. तुमच्या दवाखान्याकडं यायचा रस्ता तिथनंच हाय, आन् मला आता तेवढाच ऱ्हायलाय."