नेव्हीतात्यांची पितळी पाटी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही. एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला अजूनही नीट कळत नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ‘ओळखीच्या माणसाबद्दल लिहा’ असं सरांनी सांगितलं तेव्हा मला एकच नाव आठवलं. ज्याचं ते नाव होतं, त्याला ते कुठंतरी लिहिलेलं बघायचं होतं. म्हणून हे धाडस करतो आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

आमच्या वस्तीतले नेव्हीतात्या रोज सकाळी एक पेलाभर पाण्यात दाढी करायचे. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीवरच्या बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसायच्या, तेव्हाही त्यांची दाढी चुकली नाही. सोनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, चिडायच्या. “प्यायला पानी न्हाय, आन् ह्यांना तोंड गुळगुळीत पायजे. कुणाला दावायचंय?” तात्या गालावर साबण तसाच ठेवून शांतपणे म्हणायचे, “जहाजावर बी गोडं पानी मोजूनच मिळायचं. चारी बाजूला पानी, पर पिता येत न्हाय. दुष्काळ म्या तितंच शिकलो.”

आमचं गाव येडशीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. धर्मांतर झालं त्याच्या पुढच्याच वर्षी तात्या घरातून पळून मुंबईला गेले आणि नौदलात स्टोकर म्हणून लागले. स्टोकर म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी आग सांभाळणारा. गावात ते किसनचे ‘किश्या’ होते; तिथं पहिल्या दिवशी साहेबानं ‘वाघमारे’ अशी आडनावानं हाक मारली, तेव्हा आपल्यामागं दुसरं कोणी उभं आहे असं वाटून ते वळून बघायला लागले होते. पुढं सवय झाली. नोकरी संपवून परत आले तेव्हाची गोष्ट ते हसत सांगायचे, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही. “येडशी स्टेशनात उतरलो तवा वाघमारे हुतो. गावात पोचस्तवर किश्या झालो.”

त्यांच्या घरात भिंतीवर जहाजाचा एक फोटो होता. लांबलचक लढाऊ जहाज, वर तोफा, आणि कठड्याला लागून पांढऱ्या कपड्यांतले खलाशी ओळीनं उभे. लहानपणी आम्ही विचारायचो, “तात्या, तुमी कंचे?” तात्या बोट ठेवायचे ते माणसांवर नाही, धुराड्यावर. “धूर दिसतोय न्हवं? तो मी.” फोटो काढला तेव्हा ते खाली बॉयलरपाशी होते. वर सगळ्यांना बोलावलं, पण आग सोडून कोणी वर येणार तरी कसं?

याच जहाजाची प्रतिकृती त्यांनी करायला घेतली. लिंबाच्या वाळलेल्या खोडातून सांगाडा कोरला. तो माणसाएवढा लांब होता. जहाजावर जे जे होतं, ते सगळं त्याच मापात बारीक करून त्यावर आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सुरुवातीला हाताशी असेल ते पितळ कापलं. सोनाकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “माज्या म्हायेरचा तांब्या हुता. त्येची ह्यांनी धुराडी केली.” तोफांच्या नळ्या मात्र माझ्या. माझ्या पेनातल्या संपलेल्या पितळी रिफिली मी त्यांना नेऊन द्यायचो. तात्या त्या घासून चकचकीत करायचे आणि म्हणायचे, “तुजा अभ्यास वाढू दे, माज्या तोफा वाढतील.”

शाळेतले एक गुरुजी रस्त्यानं जाता-येता टोमणा मारायचे. “काय किसना, सोडणार कुठं जहाज? तळ्यात तर ढेकळं हायती.”

“पानी यील तवा जहाज तयार नगं का, गुर्जी?” तात्या मान वर न करता म्हणायचे.

कठडे, जिने, डोलकाठीवरची जाळी ही कामं कात्रीनं होण्यासारखी नव्हती. त्यासाठी तात्यांनी सोलापूरचे ब्लॉकवाले चाचा शोधून काढले. चाचा छापखान्यांसाठी फोटोंचे ब्लॉक करायचे. तात्या मोठ्या कागदावर काळ्या शाईनं कठडा काढून न्यायचे. चाचा त्या चित्राचा फोटो काढून तो लहान करायचे, पातळ पितळी पत्र्यावर उतरवायचे आणि पत्रा तेजाबात बुडवायचे. नको असलेलं पितळ तेजाब खाऊन टाकायचं. उरायचा तो केसासारखा बारीक कठडा. तो पत्रा हातात आला की तात्या दाढीच्या जुन्या पात्यानं जिन्याच्या पायऱ्या एक एक करून दुमडायचे आणि तापवलेल्या खिळ्यानं डाख देऊन सांधायचे. तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरावा लागे. पण बॉयलरच्या धुरानं त्यांच्या छातीत खोकला कायमचा बसला होता. म्हणून चिमटा उचलण्याआधी ते बाहेर जाऊन पोटभर खोकून यायचे. “आदी खोकला, मग जिना,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी परीक्षेला निघालो की तेच मलाही सांगायचे. आधी मन मोकळं करायचं, मग कामाला हात घालायचा, हा त्याचा अर्थ मला फार नंतर लागला.

कित्येक वर्षं हे काम चाललं. मधल्या काळात आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विहिरींना पाणी नव्हतं, पण उसाला मिळालं. आम्हाला टँकर होताच. कारखान्याला बॉयलरवरची माणसं हवी होती, म्हणून एक दिवस चेअरमनची जीप वस्तीवर आली. तात्यांना नोकरी मिळाली, आणि त्याच दिवशी चेअरमनना जहाज दिसलं. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी ते सगळं बघितलं.

“किसना, हे कुठनं आनलंस?”

“बनवलंय, साहेब.”

“बॉयलर पेटवायला मंत्रीसाहेब यायचेत. त्यांना द्यायला हार-नारळापरीस हे झकास. किती घेतोस बोल.”

“पैसं नगं. खाली माजं नाव लावायचं. पुरं नाव.”

चेअरमन हसले. “येवढंच व्हय? लाव की. दिला शब्द.”

सोनाकाकूंना ते पटलं नाही. “तांब्या गेला, आता जहाज बी चाललं,” म्हणाल्या. तात्यांनी त्यांना समजावलं, “इथं ठिवून बघतंय कोन? मुंबईत बंगल्यात ऱ्हाईल. येनारा-जानारा वाचंल, कुनी केलं ते.” त्या दिवसांत ते कामावरून आले की पुन्हा पुन्हा तीच अक्षरं काढत बसायचे. ‘किसन दगडू वाघमारे, स्टोकर, यांनी बनविले.’ मला म्हणाले, “ऱ्हस्व-दीर्घ बघ रे. तितं कुनी हसाया नगं.” मी बघितलं. सगळं बरोबर होतं. कठड्यांसारखीच ती पाटीही पितळेत उतरवायची होती, म्हणून कागद सोलापूरला चाचांकडे गेला.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी तात्या पाटी घेऊन आले. मी त्यांच्याच अंगणात होतो. त्यांनी कागदाची पुडी सोडली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग आत जाऊन दाढीचा आरसा आणला, पाटी त्याच्यासमोर धरली.

“आरशात बरोबर हाय,” म्हणाले.

पाटी उलटी उतरली होती. अक्षरं देखणी, रेषा धारदार, पण सगळं उजवीकडून डावीकडं. छापायचा ब्लॉक नेहमी उलटाच करतात. आजवर चाचांनी तात्यांना कठडे आणि जिने करून दिले, त्यांना सुलट-उलट असं काही नसतं, म्हणून कधी अडलं नव्हतं. नाव पहिल्यांदाच आलं आणि सवयीचा हात सवयीनं चालला. पुढं तात्या भेटायला गेले तेव्हा चाचांनी मान खाली घातली होती. “हात कू सवय पडी ना, वाघमारे. हफ्ताभर चेअरमनसाबके फोटोके ब्लॉक बनारा था, पेपरवालेकू जल्दी थी. हमलोगां उलटाच बनाते. छापे तो सीधा आता.” समारंभाच्या पुरवणीत चेअरमनचे इतके फोटो होते की त्यांच्या ढिगात तात्यांचं नावही ब्लॉक होऊन गेलं.

दुसरी पाटी करायला वेळ नव्हता. तात्यांनी तीच जहाजाच्या बैठकीवर बसवली आणि सकाळी जहाज कारखान्यात नेलं. मांडव भरायला म्हणून आम्हा वस्तीवाल्यांनाही ट्रॉलीतून नेलं होतं. जहाज उतरवायला मी हात लावला, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ऑफिसात कारखान्याचे सेक्रेटरी होते. त्यांनी पाटी बघितली. “किसना, हे मंत्रीसाहेबांनी आरसा घेऊन वाचायचं काय?”

तिथं उभी असलेली माणसं हसली.

“दोन दिसात दुसरी आनतो, साहेब,” तात्या म्हणाले. “तवर हीच ऱ्हाऊ द्या. मंग बदलू.”

“जहाज आजच मुंबईला जायचंय. बदलतोस कुठं, समुद्रात?”

“मंग चिठ्ठी लावतो. हा पोरगा लिवून दील.”

“मंत्र्याच्या वस्तूला चिठ्ठी?” सेक्रेटरींनी पेचकस घातला आणि पाटी उचकटली. “ही घे. तुझी तुला.” मग टेबलाच्या खणातून दुसरी पाटी काढली. लाल रंगावर पांढरी अक्षरं. ‘कारखान्याच्या वर्कशॉपकडून सप्रेम भेट,’ आणि खाली चेअरमनचं नाव. ती कोणी घाईनं रंगवलेली नव्हती. तिचा रंग केव्हाच वाळलेला होता.

तात्यांनीही ते बघितलं. त्यांनी पितळी पाटी खिशात घातली आणि बॉयलरकडे निघून गेले, कारण मंत्र्यांनी आग पेटवली तरी ती धरून ठेवायला माणूस लागतो. मांडवात मंत्र्यांनी जहाजावरून हात फिरवला. “वा. कुणी केलं?” माइक जवळच होता, त्यामुळं चेअरमनचं उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. “आमच्या वर्कशॉपनं, साहेब.” टाळ्या झाल्या. मांडवाच्या मागं कारखान्याच्या चिमणीतून पहिला धूर निघत होता.

दोन दिवसांनी मी पेपर घेऊन तात्यांकडे गेलो. पहिल्या पानावर फोटो होता. मंत्री, चेअरमन, मध्ये जहाज. मला वाटलं, ते नेहमीसारखं काहीतरी म्हणतील आणि मन हलकं होईल. त्यांनी फोटो जवळ नेला, लांब धरला.

“ह्यात धूर बी न्हाय,” ते म्हणाले.

खरंच नव्हता. चिमणी कापून टाकली होती.

“चाचानंच कापली आसंल,” पेपर घडी घालत म्हणाले. “बिचाऱ्याला जागंत बसवावं लागतंय.”

त्या हंगामानंतर त्यांना कारखान्यातून बोलावणं आलं नाही आणि तेही विचारायला गेले नाहीत. पितळाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. दाढी मात्र रोज व्हायची. एकदा सोनाकाकू घरातला दुसरा तांब्या पुढं करून म्हणाल्या, “अवो, नवं जहाज करा की. म्या तांब्या देते.” तात्या म्हणाले, “न्हाय. आता कुनाला देऊ?” काकूंनी तांब्या परत फडताळात ठेवला.

मी कॉलेजला निघालो तेव्हा ते येडशीपर्यंत सोडायला आले होते. माझी वळकटी त्यांनी खांद्यावर घेतली होती आणि खोकल्यामुळं दर थोड्या अंतरावर थांबत होते. निघताना म्हणाले, “तितं तुला आडनावानं हाक मारतील. मागं बघू नगंस. तूच आसतोस.” पहिल्या दिवशी वर्गात माझं नाव घेतलं तेव्हा मी मागं बघितलं नाही. एवढी एक गोष्ट मी त्यांची ऐकली, असं मला खात्रीनं सांगता येईल.

जहाजाचं पुढं काय झालं, ते कळलं नाही. ते मंत्री पुढं मंत्री राहिले नाहीत. बंगला दुसऱ्याला मिळाला. जहाज कुठं गेलं हे विचारायला आमच्या वस्तीतून मुंबईला कोण जाणार?

गेल्या उन्हाळ्यात वस्तीवर रोजगार हमीचं काम निघालं. आमच्यासाठी सिमेंटची पाण्याची टाकी बांधायची होती. तात्या त्या कामावर मजुरीला जात होते, एवढं माझ्या कानावर आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत भेटू असं मी मनात धरलं होतं. त्याआधीच माझे वडील, बापू, हॉस्टेलवर आले. ते कधी येत नाहीत, त्यामुळं फाटकात त्यांना बघूनच मी समजलो की काहीतरी झालं आहे.

“तात्या गेलं,” ते म्हणाले. “छातीचंच. टाकीचं काम झालं आन् झोपलं, ते उठलं न्हाईत.”

आम्ही हॉस्टेलच्या पायरीवर बसलो. बापूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं, की टाकीला बाहेरून गिलावा केला, त्या दिवशी दुपारी सगळे भाकरीला बसले असताना तात्या एकटेच टाकीपाशी गेले. खिशातून ती पितळी पाटी काढली आणि ओल्या सिमेंटवर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबली. मुकादमानं विचारलं, “काय करता?” तर म्हणाले, “छापतोय.”

मी विचारलं, “टाकीत पानी आलं का, बापू?”

“पानी कुठलं? पाइपच आलेला न्हाय.” बापूंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्यांना वाचता येत नाही. “समदी म्हनत्यात, नाव सरळ आलंय. पर तू यकदा यिऊन वाच. मंग मला सांग.”