दत्तूकाकांचं पान, रोह्याच्या डोंगरात

दर तिसऱ्या पायरीवर दम खाणारे आमचे अण्णा, वय वर्षं ब्याऐंशी, जानेवारीत एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "रोह्याला जाऊन डोंगर चढायचाय." मी म्हटलं, "आधी आपला जिना चढून दाखवा." तर वडील दोनदा चढून आले! मग काय, निघणं आलं.

डोंगराचं कारण दत्तूकाका, अण्णांचे सख्खे काका. दुसऱ्या महायुद्धात ते एका बॉम्बर विमानात वायरलेसवर होते. विमान रोह्याजवळच्या डोंगरात कोसळलं, एवढंच घरी कळलं. नक्की कुठे, कोणत्या दिवशी, काही नाही. एक सरकारी पत्र होतं, ते वाळवीने खाल्लं. तिथी माहीत नाही म्हणून काकांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, सगळ्यांच्या गर्दीत. "माझ्या काकाला स्वतःचं पान नाही गं," अण्णा दर वर्षी म्हणतात. "मी आहे तोवर तिथी सापडायला हवी. माझ्यामागे कोण विचारणार?" काका गेले तेव्हा स्वारी दोन वर्षांची होती, चेहराही आठवत नाही. पण हट्ट म्हणजे हट्ट.

पुण्याहून अलिबागची एसटी धरायची, ती खोपोलीवरून पेणला जाते. अण्णांना पंचाहत्तरीपुढचे म्हणून प्रवास फुकट, मला बाई म्हणून अर्धं तिकीट. "बघ, तुझ्यापेक्षा मी स्वस्त," हे त्यांनी कंडक्टरसमोर दोनदा सांगितलं. सगळा घाट त्यांनी झोपेत काढला आणि पेणच्या रामवाडी स्टँडवर उतरल्यावर घाट किती सुंदर होता ते मला ऐकवलं.

पेणमध्ये गणपतीचे कारखाने जानेवारीतही जोरात. पहिल्याच कारखान्यात अण्णांनी थेट विचारलं, "इथे कुठे विमान पडलंय, माहीत आहे?" सोंडेवर हात फिरवत असलेल्या मूर्तिकारांनी मानही वर केली नाही. "इमानात बसलेला बाप्पा पायजे काय? करून देतो. पन ऑर्डर आत्ताच द्या." अण्णा असे लाल झाले की मीच पुढे होऊन सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून भल्या माणसाने शाडू माखलेले हात पुसले आणि रोह्याजवळ वरसे गावात राहणाऱ्या आपल्या मेव्हण्याला फोन लावला. "रिक्षा हाय त्याची. डोंगरातल्या सगळ्या वाड्या त्याला पाठ."

पेणचे पोह्याचे पापड मात्र परतीला घ्या. आम्ही जातानाच घेतले आणि रोह्याला पोचेपर्यंत अर्ध्यांचा चुरा. पेणहून रोह्याला रेल्वे आहे, गाड्या मोजक्याच, वेळ विचारून निघा. रोह्यात साधा, स्वच्छ लॉज मिळाला. जेवणात कडव्या वालाचं बिरडं आलं आणि अण्णा विमान विसरून भाताकडे वळले.

सकाळी मेव्हणे हजर. "सगळा जन्म कंपनीत शिफ्टा केल्या, आता बायको घरात बसू देत नाय," असं म्हणत त्यांनी आम्हाला पायथ्याशी सोडलं. वर त्यांनी सांगितलेल्या वाडीपर्यंत अर्ध्या तासाची वाट, आम्हाला दीड तास लागला. पाणी भरपूर न्या आणि सोबत हट्टी म्हातारा असेल तर दुप्पट न्या.

वाडीत बायजामावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी विमानाचं विचारलं.

"इमान? त्ये काय गो, खुराड्यावर."

कोंबड्यांच्या खुराड्यावर खरंच एक रुपेरी पत्रा होता, कडेने रिव्हेटांची रांग. अण्णांनी त्यावर हात ठेवला आणि आतल्या कोंबडीने बोटाला चोच मारली. हात त्यांनी काढला नाही.

"माझ्या सासऱ्यानं बघितलेलं," मावशी सांगू लागल्या. "रातची होळी पेटलेली, दुसऱ्या दिशी धुळवडीला सकाळी वरच्या माळावर पडलं. मिलटरी आली, पेट्या भरून घेऊन गेली. सासरा म्हनला, आपल्या डोंगरावर मानसं मेली, त्यांना उपाशी नाय ठिवायचं. तवापासून दर धुळवडीला वर पान ठिवतो."

"पानावर काय वाढता?"

"साह्यबाचं पान गो. उकडलेलं अंडं, बिस्कुट, सिगरेट. बिडी नाय चालत साह्यबाला."

मी अण्णांकडे बघायचंच टाळलं. आमच्या घरी अंड्याचा केक आणला तर सुरीसुद्धा वेगळी लागते!

"माझे काका होते त्यात," अण्णा म्हणाले. "ते साहेब नव्हते हो. आमच्यासारखेच. शाकाहारी."

"अगो बाय!" मावशींनी तोंडावर हात घेतला. "आनि आमी येवढी वर्सं अंडी चारतोय त्यांना!"

मला हसू फुटलं. अण्णा हसले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजून ते म्हणाले, "फाल्गुन वद्य प्रतिपदा." आणि मग तिथेच, खुराड्याशेजारी, लहान मुलासारखे रडले. "मी म्हणत होतो, काकाला स्वतःचं पान नाही. अगं, इथे दर वर्षी वाढलं जात होतं." त्यांनी मावशींपुढे हात जोडले तशा त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि चहा ठेवायला आत पळाल्या.

निघताना मावशींनी दबकत विचारलं, "मंग आता अंडं बंद करू काय?"

अण्णांनी बराच विचार केला. "नको. इतक्या वर्षांत सवय झाली असेल त्यांना."

घरी येऊन दोन महिने झाले. गुडघे अजून कुरकुरतात, उरलेले पापड संपले. काल धुळवड होती. अण्णांनी गॅलरीत केळीचं पान मांडलं, वरणभात, पुरणपोळी वाढली. मग पानाकडे बघत उभे राहिले, चपला घातल्या आणि जन्मात पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. मी मागून गेलेच.

"एक सिगरेट द्या. चांगल्यातली. बिडी नको."

ती त्यांनी पुरणपोळीशेजारी नीट सरळ ठेवली.

"आणि अंडं?" मी मुद्दाम विचारलं.

"ते तिकडे मिळेल," अण्णा म्हणाले. "आज त्यांना दोन घरी जेवायचंय."