वायरमनच्या गच्चीसमोरचा दिवा

गल्लीतला एकूण एक दिवा वायरमनच्या हातचा. बावीस वर्षं खांब चढून-उतरून त्यानं वस्ती अशी लख्ख करून टाकली, की आभाळात तारे उरले मोजून अकरा. आणि ह्या पठ्ठ्याला नाद कसला, तर तारे बघायचा! पाण्याच्या पाइपात भिंगं बसवून त्यानं घरीच दुर्बीण केलेली. त्याच्या कामावर खूश होऊन साहेबांनी सगळ्यात झगझगीत दिवा नेमका त्याच्याच गच्चीसमोर मंजूर केला. लावलाही त्यानंच. तेव्हापासून दुर्बिणीत शनीऐवजी दिव्यावरचे किडे दिसत.

बायको आठ वर्षं एकच म्हणत आलेली, "त्या नळकांड्यातून बघता काय, डोंबल?" त्या दिवशी तिनं बजावलं, "आज एकदा येते वर. नाही दिसलं तुमच्या शनीचं कडं, तर उद्या तो पाइप मोरीला लावते." बाई बोलते ते करते. त्याची जुनी सायकल अशीच भंगारात गेली होती.

जेवणं उरकून ती वर आली. दिवा तोंडावर भगभगत होता. वायरमननं टॉर्च काढला. दिव्याला एक डोळा असतो. त्यावर उजेड पडला की दिवस उगवला समजून दिवा विझतो. त्यानं डोळ्यावर झोत धरला. अर्ध्या मिनिटात दिवा गुमान झोपला.

लगेच फोन. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर.

"अहो वायरमन, गल्लीत अंधार झालाय! तक्रार घ्या!"

"घेतली, गुरुजी. माणूस जागेवर पोचलासुद्धा." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बायकोनं दुर्बिणीला डोळा लावला. "अहो, पळालं काहीतरी!"

"ते नाही पळत. पृथ्वी फिरते आपली. पाइप हळूच सरकव."

"तीही तुमच्यासारखीच. एका जागी बसायला नको."

आणि मग ती गप्प झाली. एवढी गप्प ती पूर्वी फक्त एकदाच होती, दाढ काढली तेव्हा. वायरमनचा टॉर्चचा हात भरून आला.

"दिसलं का गं?"

"पिटुकलं आहे अगदी," ती म्हणाली. "पण कडं आहे खरं."

त्यानं हुश्श केलं आणि त्या भरात हात खाली आला. दिवा भक्कन पेटला.

"शाब्बास वायरमन!" हेडमास्तर खिडकीतून ओरडले. "दहा मिनिटांत काम!"

"शाब्बास कसली डोंबलाची!" बायको नवऱ्यावर कडाडली. "धरा तो टॉर्च वर! माझं बघून झालंय का अजून?"