अडतीस की बासष्ट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एका पंपाच्या ब्रॅकेटच्या ड्रॉइंगचं, आणि त्यातही मी तिच्यावर खेकसलोच.

बायको तरुणपणी एका कारखान्यात ट्रेसर होती, शाईनं ड्रॉइंगं उतरवायची. ती नोकरी कंप्युटरनं खाल्ली. पण ही रडत बसली नाही. पन्नाशीत दिलसुखनगरच्या क्लासात पोरांच्या शेजारी बसून तोच कंप्युटर शिकली. बाळानगरचा एक कारखानदार तिला मॉडेल पाठवायचा. मॉडेल म्हणजे पडद्यावर गरगर फिरणारी वस्तू. दिसायला झकास, पण तिच्यावरून मशीनवाल्याला काम करता येत नाही. म्हणून ही त्याची शीट लावायची: समोरून, वरून, बाजूनं, मधोमध कापून, आणि मग मापं. मी चौथी शिकलेलो, चाळीस वर्षं लेथवर. शेजारी स्टुलावर बसून मशीनवाल्याच्या तोंडानं बोलणं हे माझं काम.

त्या सकाळी भोकाचं माप वरच्या कडेपासून आलं होतं. अडतीस.

"वरची कड ओतीव, ओबडधोबड. तिथून माप कोण धरतो? बूड घासून सपाट केलेलं असतं, तिथून दे. बासष्ट."

"अहो, कंप्युटरनं आपोआप घेतलं ते."

"कंप्युटर येणारे का मशीन चालवायला?"

"सासूबाई गेल्या, पण खोट काढायला तुम्हाला ठेवून गेल्या." हसली. मग कपाळ दाबलं. "दुपारी बदलते. डोकं फार दुखतंय."

"काम निघालं की दुखतंच तुझं," मी म्हणालो.

माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हे. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, मेंदूतली शीर फुटली. भेटायला आलेल्या बाया म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. एकेकीला दाराबाहेर काढावंसं वाटलं. कसलं भाग्य? कोणाचं?

तेराव्याला पाहुणे जेवून गेले आणि कारखानदाराचा फोन आला. बिचारा इतके दिवस गप्प होता. मुलानं घेतला. मुलगा आयटीत, दिवसभर कंप्युटरवरच, पण लोखंडाला कधी हात लावलेला नाही. त्यानं आईचा कंप्युटर उघडला आणि शीट होती तशी पाठवून दिली.

"आईचं शेवटचं काम, अडायला नको, बाबा."

मी चष्मा लावून पाहिलं. अडतीस.

"हे चूक आहे."

"एकूण उंची शंभर. शंभरातून अडतीस गेले, बासष्ट. एकच झालं ना?"

"कागदावर एकच. लोखंडात नाही. ओतीव तुकडा कुठं शंभर भरतो, कुठं एकशेतीन. वरून मोजलं की भोक सरकलं. पंप बसणार नाही."

"बरं, कळवू. इतकं काय चिडायचं त्यात?"

इतकं काय! शीटच्या कोपऱ्यात चौकट असते. ड्रॉइंग काढणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं. माल वाया गेला की सगळा कारखाना म्हणणार, बाईनं चूक केली. बाई उठून भांडायला येणार आहे का? आणि मी कोणावर ओरडत होतो? चूक मला ठाऊक होती. तेरा दिवस भिंतीकडे बघत बसलो आणि तोंड उघडलं नाही. त्याच चौकटीत तपासणाऱ्याची जागा रिकामी. ती नेहमी म्हणायची, "तपासता तुम्ही, तर सही पण करा." मी म्हणायचो, चौथी पासवाल्याची कसली सही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला उठवून शीट छापून घेतली. हिची लाल पेन्सिल खिशात घातली आणि मेट्रोनं बाळानगर गाठलं. मशीनवर पहिला तुकडा चढलेला होता. कारखानदार पुढं आला.

"आओ चाचा, बैठो. चाय मंगाता."

"चाय नक्को. पैले मशीन बंद कर."

अडतीसवर काट मारली. बुडापासून रेघ ओढून बासष्ट लिहिलं. मग रिकाम्या जागेत सही केली. वाकडी आली. मशीनवाल्याच्या हातात कागद दिला, त्याचं स्टूल ओढून बसलो आणि तुकडा निघाल्यावर बुडापासून स्वतः मोजला.