कोरसची ओळ

शेजारी लोखंडी गेटला लाल प्रायमर मारतायत. त्या वासानं सकाळपासून मी घरात नुसत्या येरझारा घालतोय. शेवटी बायको म्हणाली, "अवं, बसा की जरा. हे पुंडलिकनगर हाय, जहाज नाय."

नौदलात गंज खरवडून हाच रंग लावावा लागे. त्या दिवशी मी जहाजाचा कठडा रंगवत होतो. माझे वडील, आबा, गेल्याचा निरोप सकाळीच वायरलेसवर आला होता आणि किनारा फार लांब होता. हात थांबवायची भीती वाटत होती. रंगवता रंगवता तोंडात भीमगीत आलं, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गायन पार्टीचं. पार्टी आबांची. मेन गायक ते, मी कोरसमधला पोरगा. गाताना त्यांना दम लागला की ते डोळ्यानं खुणवायचे. मग ते सावरेपर्यंत कोरसनं तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायची.

जहाजावरही मी ती एकच ओळ म्हणत राहिलो. सोबतचा पंजाबी खलाशी म्हणाला, "आगे भी तो गा, यार."

"आगे का मेरा बाप गाता है," मी म्हणालो.

तेव्हा वाटलं, दुःखानं डोकं चालेनासं झालंय. आता कळतं, मी त्यांना दम घ्यायला वेळ देत होतो.

संध्याकाळी विहारातली पोरं येणार आहेत. "काका, औंदा जयंतीला मेन तुम्हीच गा," असा त्यांचा हट्ट आहे. सगळी कडवी मला पाठ आहेत. पण पुढची ओळ मी उचलायची, म्हणजे आबा आता गाणार नाहीत.